खेळ दहा पिनांचा, प्रश्न एका दाराचा

अमेरिकेहून परत आल्यापासून मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "नायगारा पाहिलास का?" नाही पाहिला. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही नाही पाहिला. "मग महिनाभर केलेस तरी काय?" यावर मी खरे ते सांगितले, "मावशीबरोबर गाडीतून लहान लहान गावे हिंडले आणि तिथली बोलिंग सेंटर्स पाहिली." तेव्हा वर्गातल्या एका मित्राने अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारले, "कोण टाकत होते? फास्ट की स्पिन?"

दोष त्याचा नाही. बोलिंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेटच येणार. हा खेळ वेगळा. साठ फूट लांबीची एक गुळगुळीत वाट असते, तिला लेन म्हणतात. तिच्या टोकाला दहा पिना त्रिकोणात उभ्या असतात. पिन म्हणजे टाचणी नव्हे. सव्वा फूट उंचीची, साधारण दीड किलो वजनाची, मानेशी निमुळती अशी लाकडी बाटलीच समजा. बोटे घालायला तीन भोके असलेला जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि पिना पाडायच्या. डावाचे दहा टप्पे, प्रत्येक टप्प्यात दोन संधी. पहिल्याच चेंडूत सगळ्या पडल्या तर 'स्ट्राइक'. लागोपाठ बारा स्ट्राइक साधले तर तीनशे गुण. त्याहून अधिक कोणालाच मिळू शकत नाहीत. चेंडू वाकडा गेला तर बाजूच्या पन्हळीत पडतो आणि मुकाट्याने निघून जातो. माझे पहिले चारही चेंडू त्या पन्हळीतून गेले. पहिल्या डावाअखेर माझे गुण होते ४१. शेजारच्या लेनवरच्या एका आजीबाईंचे १६३.

या आजीबाईंविषयी पुढे सांगते. पण आधी मावशीविषयी.

माझी मावशी विस्कॉन्सिन राज्यातल्या मिल्वॉकी शहरात परिचारिका आहे. ती १९९६ साली तिथे गेली. पहिल्या हिवाळ्याची गोष्ट ती अजून सांगते. दुपारी साडेचारला अंधार, दारात गुडघाभर बर्फ, काका कामावर, आणि आठवड्यातून एकदा पुण्याला फोन, तोही मिनिटे मोजून. तेव्हा रुग्णालयातल्या एका सहकारी बाईने तिला विचारले, "आमच्या टीममध्ये एक जागा रिकामी आहे, मंगळवारी येशील का?" मावशीने बोलिंगचा चेंडू आयुष्यात पाहिला नव्हता. तरी ती गेली. पुढे अकरा वर्षे तिचा मंगळवार चुकला नाही. "अगं, तिथे मला कोणी नीट खेळायला शिकवलं नाही," मावशी म्हणते, "पण एका मंगळवारी मी गेले नाही, तर रात्री नऊ वाजता चौघीजणी दारात उभ्या, हातात सूप घेऊन. मला ताप आला होता हे त्यांना कळणार कसं? मी आले नाही, एवढ्यावरून."

मे महिन्यात मावशीने आठ दिवसांची रजा काढली आणि आम्ही दोघी निघालो. मॅडिसन शहरापासून चौदा क्रमांकाचा रस्ता पश्चिमेला मिसिसिपी नदीकडे जातो. दोन्ही बाजूंना दूधदुभत्याची शेते, लाल रंगाची कोठारे, धान्य साठवायचे उंच मनोरे. थोड्या थोड्या अंतरावर एक गाव लागते. गावात एक चर्च, एक पेट्रोल पंप, एक बँक आणि पुष्कळ ठिकाणी एक बोलिंग सेंटर. मिल्वॉकी आणि आसपासच्या भागात जर्मन लोक मोठ्या संख्येने येऊन राहिले. नऊ पिनांचा खेळ ते आपल्या देशातून घेऊन आले होते. 'अमेरिकन बोलिंग काँग्रेस' ही या खेळाची संघटना १८९५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली खरी, पण तिचे मुख्य कार्यालय पुढे अनेक दशके मिल्वॉकीच्याच परिसरात होते.

गावातले बोलिंग सेंटर बाहेरून आपल्या सहकारी संस्थेच्या गोदामासारखे दिसते. सपाट छप्पर, खिडक्या नाहीत. आत गेले की डाव्या हाताला बार आणि स्वयंपाकघर, समोर सहा किंवा आठ लेन. काउंटरवर भाड्याचे दोन रंगी बूट मिळतात, मागे टाचेवर नंबर मोठ्या आकड्यात. लेनला तेलाचा पातळ हात दिलेला असतो, त्यामुळे चेंडू आधी सरकतो आणि मग वळतो. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोचलो त्या गावात खेळणाऱ्यांपेक्षा जेवणाऱ्यांची गर्दी जास्त होती. शुक्रवारी तळलेला मासा, बटाटा आणि कोबीची कोशिंबीर खाण्याची विस्कॉन्सिनमध्ये प्रथाच आहे. मालकीणबाई एका हाताने मासे तळत होत्या, दुसऱ्या हाताने बूट देत होत्या, आणि सहा नंबरच्या लेनचे यंत्र अडकले तेव्हा पदराला, म्हणजे अ‍ॅप्रनला, हात पुसत मागे जाऊन तेही दुरुस्त करून आल्या.

मी मागे लागले म्हणून त्यांनी मला पिनांच्या मागची बाजू दाखवली. तिथे पट्टे, चाके आणि साखळ्या यांचा असा काही गडगडाट चालतो की साखर कारखाना आठवावा. पडलेल्या पिना उचलणारे, चेंडू परत पाठवणारे हे यंत्र १९४६ साली बफेलो शहरातल्या स्पर्धेच्या वेळी लोकांना प्रथम दाखवण्यात आले आणि १९५२ साली बाजारात आले. त्याआधी हे काम मुले करीत. लेनच्या टोकाशी उंच कठड्यावर पाय वर घेऊन बसायचे, चेंडू येऊन गेला की खाली उडी मारून हाताने पिना मांडायच्या. यंत्र आले, मुलांचे काम गेले, पण लेन वाढल्या आणि गिरण्या-कारखान्यांतल्या पाळ्या सुटल्या की कामगारांच्या लीग भरू लागल्या.

लीग हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. लीग म्हणजे चार-पाचजणांच्या संघांनी सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येऊन खेळायचे. उन्हाळ्यात मोठ्या लीग बंद असतात, त्यामुळे आमच्या वाटेवर दोन गावांत दाराला कुलूपच होते. पण एका गावात आठ आठवड्यांची छोटी उन्हाळी लीग चालली होती. १६३ गुणांच्या आजीबाई तिथल्याच. त्यांच्या संघात एक ट्रक चालवणारा गडी, एक शाळामास्तर आणि नुकताच शाळा संपवलेला एक पोरगा. हे चौघे एकमेकांविरुद्ध किंवा एकत्र खेळणार कसे? त्यासाठी या खेळात एक सोय आहे, तिचे नाव हँडिकॅप. समजा २०० हा आकडा आधार धरला. ज्याची सरासरी ११० त्याला ९० चा फरक. त्याच्या नव्वद टक्के, म्हणजे ८१ गुण त्याला प्रत्येक डावात जादा मिळतात. ज्याची सरासरी १९० त्याला फक्त ९. मग पट्टीचा खेळाडू असो की कालच आलेला नवखा, दोघांनाही जिंकण्याची आशा राहते, आणि हरणाऱ्याला पुढच्या आठवड्यात येण्याचे कारण राहते. ही व्यवस्था अन्यायाची आहे अशी तक्रार मी तिथे कोणाच्या तोंडून ऐकली नाही.

आमच्या राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी रॉबर्ट पुटनम यांचे नाव घेतले होते ते अनेकांना आठवत असेल. हार्वर्डच्या या प्राध्यापकांनी १९९५ साली एक लेख आणि २००० साली त्याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. नाव 'बोलिंग अलोन'. त्यांचे निरीक्षण असे की, १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग खेळणारे सुमारे दहा टक्क्यांनी वाढले, पण लीगमध्ये खेळणारे चाळीस टक्क्यांनी घटले. म्हणजे खेळ चालू राहिला, सोबत गेली. सेंटरच्या मालकाचेही त्यात नुकसान, कारण लीगमधला माणूस एकट्या येणाऱ्यापेक्षा तिप्पट बिअर आणि पिझ्झा संपवतो, आणि धंद्याची खरी कमाई त्यातच असते. परीक्षेसाठी मी हे पाठ केले होते. त्याचा अर्थ मला आयोवा राज्यातल्या एका गावात कळला. तिथे जुनी यंत्रे काढून नवी बसवली होती. नव्या यंत्रात प्रत्येक पिनेच्या डोक्याला दोरी बांधलेली असते. पिन पडली की कळसूत्री बाहुलीसारखी वर ओढली जाते. मेकॅनिक लागत नाही, वीज कमी, खर्च कमी. पिना पडल्याचा आवाज मात्र पूर्वीचा येत नाही, असे जुने लोक म्हणतात. मालक म्हणाला, "आवाजाचं मलाही वाईट वाटतं. पण मेकॅनिक मिळत नाही, आणि दोरी नसती तर हे दारच बंद झालं असतं." २०२३ साली या दोरीच्या खेळाला राष्ट्रीय संघटनेनेही स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली आहे.

बंद झालेल्या सेंटरचे काय होते तेही पाहिले. एका मोठ्या गावात कॉफी प्यायला बसलो, तर टेबलावर लाकडात जडवलेले बाणाचे आकार. मावशीने बोट फिरवून सांगितले, "ही लेन आहे बरं का. सेंटर मोडलं की लाकूड असं विकतात." त्या टेबलावर आम्ही दोघीच होतो. भोवतीच्या प्रत्येक टेबलावर एकेक माणूस आपापल्या पडद्यात पाहत बसलेला.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की आता मी गेलेल्या दिवसांसाठी उसासे टाकणार. आपल्याकडेही असे उसासे भरपूर आहेत. गुरुवारचे भजनी मंडळ, वाचनालयाचा कट्टा, तालमीची माती, बायकांची भिशी. हे सगळे नेमाने भेटण्याचेच प्रकार, आणि ते ओसरत चालले आहेत याचे मलाही वाईट वाटते. पण त्याच प्रवासात एका भिंतीने माझा उसासा अडवला.

जवळजवळ प्रत्येक सेंटरमध्ये एक भिंत छायाचित्रांची असते. १९३०-४० च्या सुमाराचे संघ, इस्त्रीचे सदरे, छातीवर पतपेढीचे नाहीतर दूधडेअरीचे नाव. मी एकेक चेहरा पाहत गेले आणि मावशीला विचारले, "सगळे गोरेच कसे गं?" मावशी म्हणाली, "गावच गोरं होतं." मग जरा थांबून म्हणाली, "पण गाव गोरं नसतं तरी फोटो असाच निघाला असता."

परत आल्यावर मिल्वॉकीच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून मी वाचले. अमेरिकन बोलिंग काँग्रेसच्या घटनेत सभासदत्व फक्त गोऱ्या पुरुषांसाठी होते. बायकांनी १९१६ साली सेंट लुईस येथे आपली वेगळी संघटना काढली; पण तीही गोऱ्या बायकांचीच. कृष्णवर्णीय खेळाडूंनी १९३९ साली डेट्रॉइटमध्ये स्वतःची संघटना उभारली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार कामगारांची युनियन, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना आणि जपानी-अमेरिकनांची संघटना या सगळ्यांनी मिळून चळवळ केली, कोर्टकचेऱ्या झाल्या, तेव्हा १९५० साली तो नियम गेला. म्हणजे ज्या लीगसाठी सगळा देश हळहळतो, तिच्या भरभराटीची कितीतरी वर्षे दारावर पाटी लावून गेली.

नियम गेला म्हणून दार उघडले असेही नाही. साउथ कॅरोलिना राज्यात ऑरेंजबर्ग नावाचे गाव आहे. तिथे गावातले एक बोलिंग सेंटर १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा झाल्यानंतरही कृष्णवर्णीयांना आत घेत नव्हते. गावात त्यांची दोन कॉलेजे होती. १९६८ च्या फेब्रुवारीत त्या कॉलेजांचे विद्यार्थी सेंटरच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांना लाठ्या बसल्या. ८ फेब्रुवारीच्या रात्री कॉलेजच्या आवारातच विद्यार्थी जमले असताना राज्याच्या महामार्ग पोलिसांनी गोळीबार केला. सॅम्युएल हॅमंड आणि हेन्री स्मिथ हे दोन कॉलेज विद्यार्थी आणि डिलेनो मिडलटन हा शाळकरी मुलगा असे तिघे मेले, पंचवीसहून अधिक जखमी झाले. नऊ पोलिसांवर खटला झाला. सगळे निर्दोष सुटले. दोन वर्षांनी केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी मारले गेले, ते जगाला ठाऊक आहे. ऑरेंजबर्ग किती जणांना ठाऊक आहे? मी तरी हे नाव प्रथमच वाचत होते. ही मुले माझ्या वयाची होती, आणि त्यांनी मागितले काय, तर भाड्याचे बूट आणि एक लेन.

खेळायला जायचे होते तर दुसरीकडे जायचे, एवढ्यासाठी जीव कशाला धोक्यात घालायचा, असे कोणी म्हणेल. मला त्या वेळी महाड आठवले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला होता, महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला होता. तरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. कायदा झाला आणि दार मिटलेलेच राहिले, हे दोन्हीकडे सारखे. पाणी आणि खेळ यांची बरोबरी मी करीत नाही. पण "तू आमच्यातली नाहीस" हे सांगायला माणसाला तळे चालते, तालीम चालते आणि बोलिंगची लेनही चालते.

म्हणून माझे मत असे आहे. एकत्र येण्याच्या जागा नाहीशा होतात तेव्हा समाजाचे नुकसान होते, हे पुटनम यांचे म्हणणे मला पटते. माझ्या मावशीचा मंगळवार त्याला साक्ष आहे. पण नुसती "पूर्वीसारखे व्हावे" ही इच्छा मला अपुरी वाटते. पूर्वी आत कोण होते आणि बाहेर कोण, हे विचारल्याशिवाय पूर्वीचे काहीही परत मागू नये. दार उघडे असेल तर काय घडते याचेही उदाहरण पुटनम यांच्याच ग्रंथात आहे. मिशिगन राज्यातल्या एका गावात, एकाच लीगमध्ये खेळणारे दोघेजण. एक चौसष्ट वर्षांचे कृष्णवर्णीय निवृत्त कर्मचारी, दुसरा तेहतीस वर्षांचा गोरा हिशेबनीस. बोलिंगपलीकडे ओळख नाही. वडीलधाऱ्यांना मूत्रपिंड हवे आहे हे त्या तरुणाच्या सहज कानावर आले आणि १९९७ साली त्याने आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले. १९५० पूर्वीचा नियम असता तर हे दोघे एका लेनवर भेटलेच नसते.

आता जरा घरचे बोलते. आपल्या जिमखान्यात चार कॅरम बोर्ड आहेत आणि टेबल टेनिसचे एक टेबल आहे. दारावर कुठलीही पाटी नाही. तरी या तीन वर्षांत मी तिथे किती वेळा गेले? दोनदा, एकदा फॉर्म आणायला, एकदा फॉर्म परत द्यायला. माझ्या मैत्रिणींचाही हिशेब असाच निघेल. कोणी अडवले नाही. आत गेल्यावर बोलणे थांबते आणि सगळे आपल्याकडे पाहतात, एवढेच. आणि ज्यांना घरी खेळायला कॅरम कधीच नव्हता, ती होस्टेलची, खेड्यावरून येणारी मुलेही खिडकीतूनच पाहून पुढे जातात, हेही मी पाहिले आहे. पाटी नसलेले बंद दार उघडणे अधिक अवघड, कारण बंद कोणी केले हे कोणालाच सांगता येत नाही.

सूचना साधी आहे. आठवड्यातला एक वार ठरवावा, समजा गुरुवार, दुपारी चार. संघ चिठ्ठ्या टाकून पाडावेत, म्हणजे मुले-मुली, होस्टेलचे-गावातले, एफ.वाय.-टी.वाय. आपोआप मिसळतील. प्राध्यापकांनीही चिठ्ठीत नाव घालावे. नवख्याला बोलिंगसारखे जादा गुण द्यावेत. आणि संघातले एखादे नाव दोन गुरुवार आले नाही, तर बाकीच्यांनी जाऊन चौकशी करावी. याला खर्च येणार नाही. फार तर एक वही लागेल.

पुढच्या जूनमध्ये मी या कॉलेजात नसेन. पण ही वही निघालीच, तर पहिल्या पानावर माझे नाव लिहून ठेवा. एखाद्या गुरुवारी येईन. ४१ गुणांची खेळाडू आहे, हँडिकॅप भरपूर लागेल.